हद्दीच्या दगडापलीकडचा खुंट

"आगगाडीत खिडकीशी मी बसनार!" जोत्यानं जाहीर केलं.

"तू? तुला तर गाडी लागती रं! खिडकी माझी!" रवळू म्हणाला.

"गाडी लागती म्हनूनच खिडकी पायजे! का तुझ्या टोपीत वकू?"

सत्यवती इतकी हसली की तिच्या हातातला कुंचा ताण्यावरून घसरला. "गप बसा रं दोघंबी! आप्पांनी बघितलं तर आगगाडीनं गुंजीला जानं ऱ्हाईल बाजूला आन कान तेवढं लाल हुतील!"

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. शहापूरच्या कोष्टी गल्लीत पहाट नुकती फुटत होती. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंटांना बांधून डाळिंबी सुताचा ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, पसरला होता. जणू उजाडायच्या आधीच कुणी संध्याकाळचं आभाळ वाळत घातलं होतं! दोन्ही बाजूंनी माणसं त्याला तांदळाची खळ लावत होती, कुंच्यानं विंचरत होती. खळ वाळेपर्यंत विंचरायचं, हात थांबवायचा नाही. हात थांबला की धाग्याला धागा चिकटला आणि मागावर बसायच्या आधीच लुगड्याचं वाटोळं झालं!

ताणा होता सत्यवतीच्या आप्पांचा, म्हणजे यमनाप्पा कोष्ट्यांचा. जोत्या शेजारच्या सुबरावअण्णांचा मुलगा. आणि रवळू सुट्टीला आलेला, बेळगुंदीहून. त्याची आई राजाबाई ही आप्पांची मानलेली बहीण. दर भाऊबीजेला आप्पा स्वतःच्या मागावरचं लुगडं घेऊन बेळगुंदीला जात आणि येताना तांदळाचं पोतं घेऊन येत. सत्यवती तिला आत्ती म्हणायची आणि रवळू आप्पांना मामा.

तेवढ्यात सत्यवतीला काहीतरी विचित्र दिसलं.

गल्लीच्या टोकाला गुडघ्याएवढा हद्दीचा दगड होता. त्या काळी दगडाच्या अलीकडचं शहापूर सांगली संस्थानात आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजी मुलुखात. ताणा लांब, गल्ली आखूड. म्हणून शेवटचा खुंट बिचारा रोज पहाटे इंग्रजांच्या राज्यात जाऊन उभा राही! आज त्या खुंटाजवळ एक हवालदार पान चघळत उभा होता. पुढेही येत नव्हता, मागेही जात नव्हता.

"ह्यो कुनाची वाट बघतोय?" सत्यवती पुटपुटली.

उत्तर लगेच मिळालं. ताणा ढिला झाला म्हणून आप्पा शेवटचा खुंट ठोकायला गेले, त्यांनी दगड ओलांडला मात्र, हवालदारानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला!

"यमनाप्पा कोष्टी तूच न्हवं? चल चौकीवर! काल मल्लूशेटचा टांगा तुझ्या ताण्यात अडकून उलटला. शेटचा गुडघा फुटलाय! सरकारी रस्त्यात अडथळा केलास!"

"मामा, उडी मारा!" रवळू ओरडला. "दोन पावलं अलीकडं या! संस्थानात त्यो तुमाला शिवत न्हाय!"

पण आप्पा पळणारे नव्हते. "मी काय चोर हाय व्हय रं, उड्या मारायला?" एवढं बोलतानाच त्यांना खोकल्याची उबळ आली. सुताची कसपटं गिळून गिळून आप्पांच्या छातीला धाप लागलेली. उन्हाळ्यात ते अंगणात, भिंतीला टेकून, बसूनच झोपत. जाता जाता ते एवढंच म्हणाले, "सत्त्ये, हात थांबवू नको! ताणा वाळूदे!"

शेजारणी धावल्या आणि त्यांनी कुंचे उचलले. सत्यवतीची आई बायाक्का, तिची अव्वा, मात्र खाली बसली. "आज शनवार. उद्या कोरट बंद. त्या कोंदट खोलीत ह्यांची रात्र निघायची न्हाय गं बाई!"

"रडू नको बायाक्का," सुबरावअण्णा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "जामीन म्हंजे काय, मला सगळं म्हाईत हाय! सायबाला काय तरी न्यावं लागतंय. मी बघतो!" आणि ते आपल्या खुराड्याकडे गेले.

"सत्त्ये," जोत्या कुजबुजला, "आमच्या अण्णाला जेव्हा सगळं म्हाईत असतंय, तवा लई घोटाळा हुतोय!"

"मग चला, ज्यांना खरंच म्हाईत हाय त्यांच्याकडं!"

तिघं खासबागेतल्या वकिलांच्या घराकडे सुसाट सुटली.

मारुतीराव वकील ओसरीवर बसले होते. उजवा पाय सुजून भोपळ्यासारखा झालेला आणि तो गरम पाण्याच्या बादलीत. "पाय बादलीत आहे म्हणून, नाहीतर आलो असतो पोरांनो," ते कण्हत म्हणाले. "पण तोंड बादलीबाहेर आहे. विचारा!"

सत्यवतीनं एका दमात सगळं सांगितलं आणि विचारलं, "वकीलकाका, पकडलं म्हंजे गुन्हा शाबीत झाला का?"

"छे! पकडलं म्हणजे फक्त संशय. गुन्हा आहे की नाही ते मॅजिस्ट्रेट ठरवणार. आणि त्याच्या हुकमाशिवाय पोलिसांना चोवीस तासांच्यावर कुणाला ठेवून घेता येत नाही."

"चोवीस तासबी नकोत! आप्पांना धाप हाय!"

"मग ऐक. काही गुन्हे असे असतात की त्यात जामीन द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. पण रस्त्यातला अडथळा हा जामीनपात्र गुन्हा. म्हणजे लायक जामीनदार पुढे आला की फौजदारानं सोडलंच पाहिजे! ती त्याची मेहेरबानी नव्हे, तुझ्या आप्पांचा हक्क आहे."

"आन जामीनदार करतो काय?" रवळूनं विचारलं.

"शब्द देतो. 'हा माणूस तारखेला कोर्टात येईल, नाही आला तर दंड मी भरीन.' झालं! कबुली नाही, लाच नाही, माफी नाही. पण पळा! फौजदार दुपारच्या गाडीनं खानापूरला निघालाय. तो गेला की जामीन घ्यायला चौकीत कुणी नाही!"

तिघं पुन्हा धावू लागली. ऊन आता डोक्यावर चढू लागलं होतं. हद्दीचा दगड ओलांडला, रस्ता वळला आणि सुताराच्या दारात सत्यवती खाडकन थांबली.

"अगं, चल की! थांबलीस कशाला?" जोत्या धापा टाकत म्हणाला.

"त्यो बघ! मल्लूशेटचा टांगा!"

टांगा आडवा पडला होता आणि सुतार चाक काढायच्या खटपटीत होता. सत्यवती वाकली. चाकाच्या मधल्या तुंब्याला, आसाभोवती, काहीतरी घट्ट गुंडाळलं होतं. तिनं नखानं ओढून काढलं. तपकिरी, राठ, हाताला टोचणारं!

"ह्यो तर काथ्या!" रवळू ओरडला. "आमच्या बैलांचं दावं असलंच असतंय!"

"आन आमचं सूत डाळिंबी, खळ लावलेलं!" सत्यवतीचे डोळे चमकले. "मांजरानं पंजा मारला तरी तुटतंय. त्यानं घोडं अडंल? एक धागा तरी दिसतोय का ह्या चाकात? आन ताणा बी काल तुटला न्हवता!"

"काका, काल ह्या टांग्यात काय हुतं?" जोत्यानं सुताराला विचारलं.

सुतार मान वर न करता म्हणाला, "शेटच्या घरचा मांडव उतरला न्हवं? त्याची दोरी न्हेत हुते. वेटोळी नीट बांधली न्हाईत, एक टोक लोंबत हुतं. मी हाक बी मारली. ऐकतोय कोन!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शेटची दोरी, शेटचं चाक, आणि पकडलं आप्पांना!

"सुटलं! कोडं सुटलं!" जोत्यानं तिथेच फुगडी घालायला हात पुढे केले. सत्यवतीनं काथ्याचा पुंजका ओच्यात बांधला आणि ती वाऱ्यासारखी निघाली.

चौकीत मात्र वेगळाच गोंधळ चालला होता. सुबरावअण्णा काखेत एक लाल कोंबडा घेऊन फौजदारासमोर उभे होते!

"हे काय आहे?" फौजदारांचे डोळे मोठे झाले होते.

"जामीन, सायेब!"

कोंबड्यानं मान ताठ केली आणि "कुकूचकूऽऽ!" अशी बांग दिली. हवालदाराला हसू आवरेना. फौजदार गरजले, "लाच देता? तुम्हालाच आत घालू का?"

अण्णांची मिशी एकदम खाली आली.

"सायेब," सत्यवती पुढे झाली. "माझे आप्पा निर्दोष हाईत! ह्यो बघा काथ्या! शेटच्याच दोरीनं टांगा उलटला! सोडा आप्पांना!"

फौजदारांनी काथ्या हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. "हुशार आहेस पोरी. पण दोषी कोण, निर्दोष कोण, हे ठरवणारा मी नव्हे. हे कोर्टात दाखव. मी तपासात लिहून ठेवतो. तक्रार आहे तोवर असंच मला सोडता येत नाही."

एवढं शोधलं, आणि दार अजून बंदच! मग तिला बादलीतला पाय आठवला. "मग जामिनावर सोडा! मारुतीराव वकिलांनी सांगितलंय, गुन्हा जामीनपात्र हाय! जामीन घेता का न्हाय?"

फौजदारांनी भुवया उंचावल्या. "घेतो की. जामीनदार कुठे आहे?"

"मी हाय!" अण्णा कोंबडा सावरत म्हणाले. "घर हाय माझं, शहापुरात!"

"शहापुरात? संस्थानातल्या घरापर्यंत आमच्या कोर्टाचा हात पोचत नाही. इंग्रजी हद्दीतला, जमीनजुमला असलेला माणूस आणा. आणि लवकर! मी जेवलो की गाडीला निघालो."

गजांमागून आप्पांचा आवाज आला. खोल, घरघरता. "नगं, सत्त्ये. मला जामीन नगं. मी काय केलंय म्हनून जामीन घेऊ? घेतला की गाव म्हनंल, यमनाप्पानं गुन्हा कबूल केला!" आणि मग खोकला. थांबेचना.

सत्यवती गजांशी गेली. आप्पांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ निळसर दिसत होते. तिनं गजांतून हात घालून त्यांची बोटं धरली. खळीनं अजून चिकट होती.

"आप्पा, ताणा खुंटाला बांधतो, म्हंजे त्यानं काय चोरी केलेली असती का?"

"काय बोलतीस?"

"तरी बांधतो न्हवं? बांधला तरी त्यो हवेत मोकळाच असतोय. वारं लागतंय, ऊन लागतंय. फकस्त वाऱ्यानं कुठं जाऊ नये म्हनून खुंट. तुमी ताणा, आन जामीनदार खुंट! तारखेपतोर तुमाला धरून उभा ऱ्हानारा. कबुली न्हाय त्यात, आप्पा. वकीलकाकांनी सांगितलंय!"

आप्पांनी तिची बोटं घट्ट धरली. मग हळूच म्हणाले, "असं असंल... तर बघ बाई खुंट."

"पर आनायचा कुठनं?" जोत्या रडकुंडीला आला. "इंग्रजी हद्दीतलं कोन हाय आपलं?"

रवळूनं कपाळावर थाप मारली. "आरं, मी हाय की! बेळगुंदी इंग्रजांतच येती! आमची जमीन आज्यानं आईच्या नावावर केलीया. आन आज शनवार! आई बाजारात फणस घिऊन आलीया!"

शनिवारचा बाजार म्हणजे माणसांचा पूर! मिरच्यांचे ढीग, करवंदांचे द्रोण, मराठी "घ्या हो घ्या" आणि कानडी "बेकू, बेडा", म्हणजे हवं-नको, एकाच वेळी! तिघं कोपरानं वाट काढत घुसली. आणि सगळ्या गलक्यावरून एक ठणठणीत आवाज ऐकू आला, "चार आण्याला फणस मागतोस व्हय? त्याच्या काट्यानं खाजवून घे पाठ!"

"आई!"

"आत्ती!"

छकड्यावर कासोटा घालून उभी असलेली राजाबाई वळली. सत्यवतीनं सांगायला सुरुवात केली. टांगा, दोरी, गज, धाप... "आत्ती, तू जामीन ऱ्हाशील का? आप्पा तारखेला आले न्हाईत तर दंड तुला..."

"बोलत काय बसलीस? चढ!" राजाबाईनं कासरा हातात घेतला सुद्धा! गिऱ्हाईक म्हणालं, "अवं, पाच आनं देतो!"

"फुकट न्हे! माझा भाऊ आत हाय!"

छकडा उधळला! बैलांच्या घुंगरमाळा खणाणल्या, माणसं बाजूला उड्या मारू लागली, मागून एकेक फणस धप्पकन खाली पडू लागला. "बाजूला व्हा! फणस आला! फणस आला!" जोत्या आनंदानं किंचाळत होता.

चौकीच्या फाटकातून फौजदारांचा टांगा नेमका बाहेर निघत होता. आता? राजाबाईनं कासरा खेचला आणि छकडा फाटकात आडवाच घातला!

"ए बाई! रस्ता अडवतीस? गुन्हा हाय ह्यो!" हवालदार धावून आला.

"व्हय? मग मलाबी पकडा! मला जामीन ह्यो आतला यमनाप्पा ऱ्हाईल!"

फौजदारांनी घड्याळ बघितलं, फणस बघितले, आणि त्यांना हसू फुटलं. ते खाली उतरले. "ह्याच का तुमच्या जामीनदार?"

"बायका जामीन ऱ्हात न्हाईत," हवालदार मध्येच म्हणाला.

"कायद्यात असं कुठं लिवलंय?" सत्यवतीनं ताडकन विचारलं.

हवालदार फौजदारांकडे बघू लागला. फौजदार म्हणाले, "कुठेच नाही. पण बाई, तुमची जमीन आहे हे मला कोण सांगणार? ओळख पटवणारा कुणीतरी हवा."

सगळ्यांची तोंडं उतरली. बेळगुंदीचे पाटील कुठे, तलाठी कुठे! गाडीची वेळ होत आली होती. आतून खोकला ऐकू येत होता. तेवढ्यात काठी टेकत, लंगडत, एक गृहस्थ छकड्याला वळसा घालून फाटकात आले. गुडघ्याला पट्टी. मल्लूशेट! जबाबावर सही करायला आले होते.

छकड्याकडे बघताच ते म्हणाले, "राजाबाई? तू इथं कशी?"

"तुम्ही ओळखता यांना?" फौजदारांनी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? हिच्या बेळगुंदीच्या शेतातला तांदूळ दरसाल आमच्या घरी येतो! वावर हिचं स्वतःचं. शब्दाची पक्की बाई!"

फौजदार मोठ्यानं हसले. "वा! फिर्यादीनंच आरोपीच्या जामीनदाराची ओळख पटवली!"

शेटना काही कळेना. सत्यवतीनं ओच्यातला काथ्या त्यांच्यापुढे धरला. "शेट, ही तुमच्या मांडवाची दोरी. तुमच्याच चाकातनं काढलीया. सुतारकाकांना इचारा."

मल्लूशेटनी काथ्या बोटांत धरून बघितला. मग त्यांचे कान लाल झाले. "टांगेवाला तर म्हणाला, कोष्ट्यांचा ताणा... मी चाकाकडे बघितलंच नाही गं पोरी!"

"ते कोर्टात सांगा," फौजदार म्हणाले. "आधी जामीन!"

टांग्याच्या पायरीवरच जामीनखत झालं. फौजदारांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. आरोपी बुधवारी कोर्टात हजर राहील, न राहिल्यास जामीनदार दंड भरील.

"भरीन की," राजाबाई अंगठ्याला शाई लावत म्हणाली. "पर त्याच्या आधी ह्याचा कान धरून फरफटत आनीन!"

कुलूप खडखडलं. आप्पा बाहेर आले, चौकीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी उघड्या हवेत एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. सत्यवती त्यांच्या छातीवर कान ठेवून बसली. आतली घरघर हळूहळू, हळूहळू निवत गेली. अव्वाही येऊन पोचली होती; ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि काही केल्या हात काढत नव्हती.

बुधवारी आप्पा तारखेच्या तासभर आधीच कोर्टाच्या दारात हजर! राजाबाई त्यांच्याही आधी. मारुतीराव वकील कुबडी घेऊन आले. मल्लूशेटनी भर कोर्टात सांगितलं, "माझीच दोरी, माझाच निष्काळजीपणा." टांगेवाल्यानं आढेवेढे घेतले आणि शेवटी मान खाली घातली. सुतारानं साक्ष दिली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी काथ्या हातात घेऊन बघितला आणि निकाल दिला: खुंट रस्त्याच्या कडेला होता, त्यानं कुणाला अडवलं नाही. यमनाप्पा निर्दोष! राजाबाईही आपल्या शब्दातून मोकळी!

बाहेर येताच फौजदारांनी तिघांना जवळ बोलावलं. "आमच्या हवालदारांना तुमच्याकडे शिकवणीला पाठवायला हवं! कुठलीही गोष्ट मानायच्या आधी चाकात बघायचं, हे ते विसरतात."

"आणि अर्ध्या वकिलांनाही," मारुतीराव म्हणाले. "सत्यवती, मी कायदा सांगितला, पण तुझ्या आप्पांना समजावताना तू जो खुंट सांगितलास ना, तो मला तीस वर्षं सुचला नाही!"

सुबरावअण्णांनी मिशीवर हात फिरवला. "मला सगळं म्हाईत..." ते म्हणू लागले आणि जोत्याकडे बघून थांबले. "न्हाय, मला काय म्हाईत न्हवतं. पोरांनी शिकवलं."

राजाबाईनं पदर सावरला, कोर्टाच्या पायरीवरच बैठक मारली आणि जात्यावर बसल्यासारखा सूर धरला:

"सांगते सयांनू, कचेरीचा दरवाजा,
चिमण्या लेकरांनी उघडला, सुटला माझा बंधुराजा!"

"ए, गप! गप!" आतून कोर्टाचा पट्टेवाला धावत आला. "इथं गाणं म्हणायला मनाई आहे!"

पण ओवीचा शेवटचा सूर अजून हवेत होता. पट्टेवाला दारातच थबकला. त्यानं मागे वळून बघितलं, साहेब कुठे दिसत नव्हते. मग पुढे वाकून तो हळूच म्हणाला, "बाई, पुढचं काय?"

राजाबाईनं तिघांकडे बोट दाखवलं.

"पुढचं ह्या पोरांना इचारा!"